भाऊजींचं मुरवणं

आमच्या भाऊजींनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात कुणालाही कुठलीही गोष्ट एका दमात सांगितलेली नाही, आणि हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. एकच अपवाद आहे, पण तो यथावकाश सांगेन. त्यांच्या संगतीत राहून तेवढं मीही शिकलोय. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मोर्शीपासून पाच-सहा मैलांवर त्यांचं गाव, गावाबाहेर विहीर, आणि विहिरीभोवती संत्र्याचा बगीचा. मी मूळचा चांदूर रेल्वेचा, पण गेली तीस वर्षं अकोल्यात एका दाळ मिलचा व्यवस्थापक आहे. मिलच्या खडखडाटात जे काय बोलायचं ते एकदाच आणि कोकलून बोलावं लागतं, त्यामुळे माझ्या मनात आलेलं ओठाबाहेर पडायला निमिषही लागत नाही. असा मी, आणि असे ते. देवानं आमची सोयरीक जमवली तेव्हा तो नक्की गमतीत असणार.

ते ताईला पाहायला आमच्या घरी आले तेव्हा मी आठवीत होतो. चहा झाला, पोहे झाले, ताई आत गेली, आणि आमच्या बाबांनी खाकरून विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे का?" भाऊजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "चहा चांगला झाला." एवढं बोलून ते स्टेशनकडे चालते झाले. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. खुशाली, पीकपाणी, आणि शेवटी एक ओळ: पोहेसुद्धा चांगले होते. आणखी पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड: तुमच्या दारचा गुलाब कुणी लावला? तो ताईनं लावला होता, हे त्यांना ठाऊक असावं. तिसऱ्या कार्डाची वाट पाहायची ताकद बाबांच्यात उरली नव्हती. ते सरळ एसटीत बसले, भाऊजींच्या घरी जाऊन उभे राहिले आणि तारीख ठरवूनच परतले. ताई अजून म्हणते, "लग्नाले चाळीस वर्षं झाले, पन या मानसानं 'पसंत हाये' असं अजून म्हनलं नाई." त्यावर भाऊजी शांतपणे म्हणतात, "चालू हाये ना. घाई कायची?"

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते कामासाठी अमरावतीत होते. मी गणितात आपटल्याचं त्यांना तिथंच कळलं आणि घरच्यांना धक्का बसू नये म्हणून ते मुद्दाम चांदूरला आले. पहिल्या दिवशी जेवताना म्हणाले, "पेपर तपासनारेबी मानसंच असतात." दुसऱ्या दिवशी, "गनितानं काई पोट भरत नाई." तिसऱ्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून, "बापू, आंब्यालेबी एखाद्या वर्षी बहार येत नाई." त्यांचं हे नाजूक काम चालू होतं तेव्हा निकाल लागून तीन दिवस उलटले होते, सगळ्या चांदुराला तो पाठ झाला होता आणि बाबांनी मला वेताच्या छडीनं त्याची समजही दिली होती. पाठीवर ठेवलेला भाऊजींचा हात नेमका वळावर पडला आणि मी बोंबललो. त्यांना वाटलं, पोराला आत्ता कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मलाही त्यांना खरं सांगवेना, आणि मी दुसऱ्यांदा नापास झाल्यासारखा रडलो.

मला मोटरसायकल शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा पहिले आठ दिवस मी ती फक्त पुसली. नंतरचे आठ दिवस स्टँडवर उभ्या गाडीवर बसून होतो. "गाडीले तुयी ओळख होऊ दे," असं ते म्हणत. सतराव्या दिवशी मी खिळ्यावरची किल्ली पळवली आणि गाडीसह नाल्यात गेलो. भाऊजी काठावर आले, मला वर घेतलं, गाडीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पयल्याच पान्यात पूर आनला रे." शेजाऱ्याची गाय त्यांच्या तुरीत शिरली होती, त्या वेळची गोष्ट तर गावात अजून सांगतात. भाऊजी शेजाऱ्याकडे गेले, ओसरीवर बसले, पाणी मागितलं, मग यंदाच्या चाऱ्याचा विषय काढला, मग जनावरांच्या एकूण स्वभावाचा. ते गायीपर्यंत पोचले तेव्हा गाय तूर आटोपून बांधावर रवंथ करत बसली होती. अलीकडे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ते आले आहेत. सोमवारी त्यांचा एक शब्द येतो, 'मोटर'. मंगळवारी काही नाही. बुधवारी 'मोर्शीले'. आम्ही सगळे जिवाला घोर लावून बसतो. शुक्रवारी कळतं की विहिरीवरची मोटर मोर्शीहून दुरुस्त होऊन आली आणि आता झकास चालते आहे.

या सगळ्यामागे निव्वळ स्वभाव असता तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. पण त्यामागे सिद्धांत आहे. भाऊजींच्या मते मराठीत खरं क्रियापद एकच, मुरवणं. बाकीची नुसती तोंडाची वाफ. त्यांच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मुलांच्या मनावर संस्कार बिंबवा'. ते वाचून भाऊजी अस्वस्थ झाले आणि हेडमास्तरांकडे जाऊ लागले. तीन आठवडे जात होते. "गुर्जी, बिंब म्हंजे आरशातलं. मानूस सरकला का बिंब गेलं. असे संस्कार काय कामाचे?" हेडमास्तर भला माणूस. त्यानं विचारलं, मग 'ठसवा' लिहू? "ठसा बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात, गुर्जी. तापलेल्या लोखंडानं." मग 'रुजवा'? "रुजवाले बी लागते. आपल्यापाशी कुठी हाये बी? आपल्यापाशी फक्त पानी." भिनवा? "भिनते ते इख." गळी उतरवा? "ते गुराच्या औषधाचं काम. जबडा धरा अन् नळकांडं खुपसा." चौथ्या आठवड्यात हेडमास्तरांनी त्या भिंतीला चुना मारून घेतला, आणि ती अजून कोरी आहे.

शब्दाचा अर्थ असा पक्का झाल्यावर राहिला प्रश्न त्याच्या उगमाचा, आणि त्यावरून भाऊजी आणि ताई यांच्यात चाळीस वर्षं वाद चालू आहे. ताईच्या मते हा शब्द बरणीतून आला. बाईनं कैऱ्या चिरल्या, मीठ-मसाला लावला, दादरा बांधून बरणी फळीवर ठेवली, आणि रोज हलवताना तिला जो शब्द सुचला तो हा. भाऊजी म्हणतात, शब्द मातीतून आला. "पयले माती होती, मंग पानी आलं, ते मुरलं, तवा शब्द झाला. कैरी तं त्याच्याबी मागून आली. कैरी काय आभायातून पडली?" "अन् मातीत मुरलेल्या पान्याले बोलून कोनं दाखवलं?" ताई विचारते. "मातीले तोंड हाये का? नाव बाईनंच ठेवलं." हा वाद मिटवावा म्हणून मी अकोल्यातल्या मराठीच्या एका प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी शब्दकोश उघडला, आणि कोशात माती आणि लोणचं दोन्ही शेजारी शेजारी निघाले. ते फोनवर ऐकून भाऊजी म्हणाले, "पुस्तक लिवनारा बायकोले भेत असन." तेवढ्यावर तो खटला पुन्हा तहकूब झाला.

भाऊजींची बाजू समजायची तर संत्र्याची एक रीत समजून घ्यायला हवी. थंडीत झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड पानं गाळतं, मलूल होतं, नवा माणूस पाहील तर मेलं म्हणून रडेल. मग ताण तोडायचा, पण एकदम नाही. पहिलं पाणी अगदी हलकं, ती आंबवणी. आठ-दहा दिवसांनी जरा जास्त, ती चिंबवणी. त्यानंतर कुठं भरपाणी. सुरुवातीलाच धो धो सोडलं तर फुलांऐवजी नुसता पाला येतो, नाहीतर आलेली फुलं गळून जातात. भाऊजींनी ही रीत झाडांपाशी न ठेवता माणसांना लावली, त्याला कोण काय करणार?

आणि सर्वांत जास्त लावली ती एकुलत्या एका पोराला, निखिलला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची एकच इच्छा असते, की आपलं पोट्टं शेतकरी होऊ नये. भाऊजींनी निखिलच्या मनात ही गोष्ट मुरवायला तो पाच वर्षांचा असताना घेतली. रोज संध्याकाळी ते त्याला हाताला धरून बगीच्यात नेत आणि बांधावर बसवून सांगत, "शेतीत काई नाई, बाप्पा." दुसऱ्या दिवशी तेच, पण दुसऱ्या झाडाखाली. हात मात्र मोकळे ठेवायची सवय नसल्यामुळे सांगता सांगता ते कलमं बांधत. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवताना निखिल पट्टी धरी आणि भाऊजी सांगत, "हे पाय, साल अशी उचलाची. डोळ्याले नख लागू द्याचं नाई. आता पट्टी खालून वर गुंडाळ. हां, शाबास! पन तू हे शिकू नको." असं बारा-तेरा वर्षं चाललं. ताई म्हणाली होती, "घरी बसून सांगा ना त्याले, तिथी कावून नेता?" तर म्हणाले, "घरी मुरत नाई." निखिल शिकला, इंजिनीअर झाला, पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत लागला. भाऊजींनी गावात पेढे वाटले, तेही चार दिवसांत, गल्लीगल्लीनं.

मागच्या वर्षी भाऊजींच्या छातीत कळ आली आणि अमरावतीला नेऊन स्टेंट बसवावा लागला. गुडघे आधीच गेलेले. डॉक्टरनं ताईला बाजूला घेऊन बजावलं, यांना एकदम काही सांगायचं नाही, ना वाईट ना चांगलं. हे ऐकून भाऊजी डॉक्टरवर इतके खूश झाले की दवाखान्यातून निघायला तयार होईनात. पण घरी आल्यावर त्यांनी बगीचा विकायचं काढलं. पोरगा पुण्याला, आपलं शरीर असं, झाडांचे हाल पाहण्यापेक्षा चांगल्या हातात गेलेली बरी. मोर्शीचं एक गिऱ्हाईक तयार झालं, आणि गुढीपाडव्याला व्यवहार पक्का करायचं तोंडी ठरलं. त्यांनी हे मला पाच फोनमध्ये सांगितलं. शेवटच्या फोनला त्यांचा आवाज ओला होता. मी "कशाला विकता?" म्हणून ओरडलो, तर म्हणाले, "ओरडू नको, मिलमधी नाईस तू."

तर त्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजन उरकून पुण्याला परत निघालेला निखिल मध्येच अकोल्याला माझ्याकडे उतरला. बूटही न काढता म्हणाला, "मामा, मी नोकरी सोडून राह्यलो. बगीचा करतो." मी खुर्चीत बसलो. "अरे, बापानं बारा-तेरा वर्षं हेच नको म्हणून मुरवलं ना तुझ्यात?" तो म्हणाला, "हाव ना. पन मामा, आमच्या सोसायटीचा माळी झाडाले नळीनं धो धो पानी देते, अन् मी चवथ्या माळ्यावर कामाच्या मधात उठून खिडकीतून त्याच्यावर ओरडतो. चार वर्षं झाले. माह्यं काई खरं नाई." मी म्हटलं, शेतकऱ्याला कोण पोरगी देणार? त्यावर लाजून म्हणाला, "ते झालं. तिच्यात तीन वर्षांपासून मुरवून राह्यलो." आणि मग मुद्द्यावर आला. "चार दिवस घरी होतो, पन बाबासमोर तोंड उघडलं नाई. त्यायनं गावभर पेढे वाटले होते, मामा. तुमी सांगा. पन एकदम नका सांगू, छातीचं हाये. त्यायच्या पद्धतीनं सांगा." तुझ्या आईला सांगू का म्हटलं, तर दोघंही हसलो, ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणजे माझ्यासारख्या कोकलणाऱ्या माणसाकडे आता गुढीपाडव्यापर्यंतची मुदत होती. तोवर एक एक थेंब करून हे सांगायचं, नाहीतर बगीचा गेला.

भाऊबीजेला ताईकडे गेलो. ओवाळणं झालं, अनारसे झाले, आणि मी पहिली आंबवणी दिली. म्हटलं, "भाऊजी, पुण्याची हवा लई खराब झाली म्हन्तात." भाऊजी पानाला चुना लावत होते. हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं. "हं," म्हणाले, आणि जरा वेळानं, "अकोल्याकडं पाऊस-पानी कसं होतं यंदा?" बस. मी मनात म्हटलं, गेलं वाया, वरच्या वरच वाहून गेलं. महिन्यानं फोनवर दुसरं पाणी दिलं. आमच्या मिलमधल्या एकाचा पुतण्या नोकरी सोडून लिंबं लावून बसला आणि काय मजेत आहे, अशी एक शुद्ध थाप ठोकली. "हं. तुयी तब्येत?" तिसऱ्या वेळी, "निखिलचे केस गळतात म्हणे तिकडच्या पाण्यानं." "हं. कांद्याचा रस लावा म्हना." मला रात्री झोप येईना, दिवसा जेवण जाईना. मिलमध्ये हमालांना एक वाक्य सांगायचं तर मी अर्धं सांगून थांबायला लागलो आणि पोत्यांच्या थप्प्या चुकीच्या जागी लागल्या. बायको म्हणाली, "तुमाले कोनती बाई तं नाई ना भेटली?"

अशात मार्च संपत आला आणि ताईचा फोन आला. तिनं रडतच सांगितलं, "आज दोन मानसं येऊन टेप लावून बगीच्याचं माप घेऊन गेले रे, बापू. मले काई सांगत नाईत. गेला बगीचा." पाडव्याला दोन दिवस होते. मी मिल तशीच सोडली, अमरावतीची एसटी धरली, तिथून मोर्शीची, आणि दुपारी टळटळीत उन्हात बगीच्यात पोचलो. झाडांवर बोराएवढी हिरवी फळं धरलेली होती, गच्च. विहिरीजवळ काळ्या पिशव्यांत जंबेरीची नवी रोपं ओळीनं मांडलेली होती. यंदा इतक्या निगुतीनं बहार कुणासाठी धरला आणि ही नवी रोपं कुणासाठी, हे साधे प्रश्न डोक्यात यायला हवे होते. पण माझं डोकं जाग्यावर नव्हतं. भाऊजी निंबाखाली खाटेवर बसले होते. त्यांना पाहिलं आणि माझा बांध फुटला. "भाऊजी! निखिल नोकरी सोडून राह्यला! त्याले बगीचा कराचा हाये! इकू नका, हात जोडतो तुमाले, इकू नका!" शेजारच्या शेतात निंदणारी बाया-माणसं उठून उभी राहिली. मी स्वतःचंच तोंड दाबलं आणि भाऊजींच्या छातीकडे पाहत बसलो.

भाऊजींनी माठातून पाणी काढून मला दिलं. "पे. हळू पे." मी प्यायलो. मग म्हणाले, "समजलं होतं मले."

"केव्हा?"

"भाऊबीजेले. पोट्टं चार दिवस झाडाझाडाखाली फिरून गेलं, अन् मंग तू हवेचं बोलला तवा."

"पहिल्याच थेंबाला?" मी उडालोच. "अन् पाच महिने 'हं हं' कावून करत होते मग? मी इकडं मराले टेकलो!"

"पाच महिने तू जल्मात पयल्यांदा कोनाले काई मुरवून राह्यला होता, बापू. किती जीव लावून करत होता! ते लिंबाचं तं लय भारी होतं. मधात कुदाळ कशी मारू?"

"आणि ते गिऱ्हाईक? ते माप घेणारे?"

"ते ठिबकवाले होते. निखिल आला का नळ्या लागतीन ना बुडाबुडाले. अन् गिऱ्हाइकाले तं भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी सांगून आलो."

"काय सांगितलं?"

"'नाई देत' म्हनलं."

"एकदम?"

"एकदम," भाऊजी म्हणाले आणि स्वतःच थोडे लाजले. तोच तो अपवाद. सत्तर वर्षांत एकदा हा माणूस सरळ गेला, दोन शब्द बोलला आणि परत आला. मी विचारलं, मग पोराला तरी कळवायचं, ताईला तरी, ती बिचारी रडते आहे. तेव्हा ते झाडांकडे पाहत म्हणाले, "मी हरिख दाखवला असता ना, तं पोट्टं बांधल्या गेलं असतं. बाप खूश झाला, आता मागं कसं फिरू, म्हने. म्हनून गप बसलो. फिराचं असन तं फिरू दे म्हनलं, पाडव्यालोग टाइम हाये. धो धो सोडलं का मातीले नाई म्हनता येत नाई, बापू. थेंबाथेंबानं देल्लं तं तिले पाह्यजे तेवढं घेते, बाकीचं सोडते. माह्यंच पाय ना. बारा-तेरा वर्षं शेती नको, शेती नको सांगतलं. त्यानं ते सोडलं अन् भलतंच घेतलं." असं म्हणून ते हसले, आणि उपरण्यानं डोळे पुसले. मीही पुसले. आयुष्यभर ज्या शब्दाची मी टिंगल केली, त्याचा अर्थ मला त्या दुपारी खाटेवर बसून कळला, आणि मला माझ्या तोंडाळपणाची लाज वाटली.

ताईला कळलं तेव्हा ती आनंदानं नव्हे, रागानं रडली. "पाच महिने दोघायनं बरनी झाकून ठेवली, अन् मी बाहेर वास घेत फिरून राह्यली!" त्या वाक्यानं शब्दाच्या उगमाचा वाद पुन्हा पेटला आणि जेवणं होईपर्यंत चालला.

आता निखिल तिथंच आहे. त्याची बायकोही आली आहे आणि ती मोबाइलवरून ठिबक चालू-बंद करते. भाऊजी तिच्यामागे उभे राहून म्हणतात, "थोडं कमी. आखीन थोडं कमी." मागच्या पावसाळ्यात त्यांनी विहिरीवरच्या मोटरखोलीची किल्ली निखिलच्या खिळ्यावर टांगली. पोळ्यानंतर फावडं दिलं. दसऱ्यापासून ते सोमवारी बगीच्यात जात नाहीत. आता गुरुवारीही नाही. निंबाखालची खाट ओसरीवर आली आहे. मला त्यांचा रोज दिवेलागणीला फोन यायचा. तो एक दिवसाआड झाला, मग आठवड्यातून दोनदा. ताईला वाटतं, म्हाताऱ्याला आळस चढला. निखिलला वाटतं, बाबा आता आपल्यावर भरवसा टाकून राह्यले.

मला पहिल्याच थेंबाला कळलं होतं, किल्ली टांगली तेव्हाच. ते आपलं नसणं आमच्यात मुरवताहेत, अगदी हलक्या हातानं, आम्हाला पाहिजे तेवढंच घेता यावं अशा बेतानं. मिलमधला जुना मी असतो तर फोनवर कोकललो असतो, की भाऊजी, हे बंद करा, मला नको हे. पण इतका जीव लावून करताहेत, मधात कुदाळ कशी मारू? परवा आठ दिवसांनी फोन आला. म्हणाले, "बापू, आता पायात जोर राह्यला नाई पयल्यासारखा."

"हं," मी म्हटलं. मग विचारलं, "तुमच्याकडं पाऊस-पानी कसं होतं यंदा, भाऊजी?"